येळवशीचं जेवण आणि बंद लाईन

आमच्या जतकडं येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेला, अख्खं घर रानात जेवतं, आणि बांधावर आलेला माणूस जेवल्याशिवाय सुटत नाही. यंदा त्यात वायरमन सापडला. लाईन बंद करून खांबावर चढणार, तेवढ्यात माझ्या चुलत्यांनी, आप्पांनी, त्याला पंगतीला बसवलं. भाज्या-शेंगांची घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे, वर तांब्याभर आंबील. गडी कडब्यावर आडवाच झाला.

लाईट कुठं अडली बघायला गिरणीवाला आला. आप्पा म्हणाले, "आदी जेवा, मग उठवा त्याला." जेवून तोही झोपला. मागनं सरपंच शिव्या देत आले, त्यांचंही तेच झालं.

दिवस मावळताना वायरमन उठला. घोरणाऱ्या सरपंचांना ओलांडून खांबाकडं जाताना आप्पांना म्हणाला, "दिवसभर लाईट न्हाई, तरी एकाची तक्रार न्हाई. लय गुणी गाव हाय तुमचं."