शेगडीजवळचा पहारा

हसू नका, पण लेकीच्या बाळंतपणासाठी डिंक, अळीव, बाळंतशेपा आणि दौंडच्या बाजारातून पोतंभर कोळसा मीच आणला होता. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या हौसाबाईंनी शेकासाठी खोलीत शेगडी पेटवली आणि वारं लागेल म्हणून खिडकी लावली. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेला मी हादरलो. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, आधी डोकं दुखतं. पण माझंच चुकत असेल तर? भीत भीत म्हणालो, "मी इथंच बसतो. माझं डोकं दुखलं की शेगडी बाहेर न्यायची."

बाळाचे पाय शेकत हौसाबाई म्हणाल्या, "आबा, तुमचं डोकं कवा दुखत न्हाई?"

मी उठून खिडकी उघडली.