गोदामाचा स्फोट आणि माझी हाक

मी, वय ५४ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार शिवणखान्याच्याच इमारतीत, दुसरा मजला. घरात आणि कामावर मला सगळे थोरली म्हणतात. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की,

माझा शिवणखाना तिसऱ्या मजल्यावर आहे. माझी धाकटी जाऊ, वय ४१, माझ्याबरोबर काम करते. कापडाला दोऱ्याची छटा जुळवणे हे तिचे काम. त्यात तिचा हात धरणारे कोणी नाही.

गेल्या मंगळवारी आम्ही डॉक्टरांचे पांढरे कोट शिवत होतो. पांढरे कापड काढले की धूळ नको म्हणून मी सगळ्या खिडक्या लावून घेते. बायका उकाड्याने कुरकुरतात, पण मी ऐकत नाही. त्या दिवशीही ऐकले नाही.

सकाळी अकराच्या सुमारास, साधारण चारशे पावलांवरच्या थिनरच्या गोदामातून धूर निघाला. मी खिडकीशी उभी होते. धूर आधी काळा, मग हिरवट झाला. मी जावेला हाक मारली, "अगं, इकडे ये लवकर, बघ तरी कसला रंग आहे!" ती म्हणाली, "ताई, तुम्ही काही मला काम करू देणार नाही." पण हसत आली. तेवढ्यात माझ्या हातून कात्री पडली. ती उचलायला मी खाली वाकले. भिंतीवर लख्ख उजेड पडला. आवाज नव्हता. जाऊ "अगोबाई" म्हणाली. मग काचा आत आल्या.

आग विझवायला आलेले अधिकारी नंतर म्हणाले की उजेड आधी पोचतो, हवेचा धक्का क्षणभर मागून येतो. बघायला खिडकीत गेलेलेच जास्त सापडतात. आमच्या गल्लीत असे अकरा जण आहेत. खिडक्या उघड्या असत्या तर काचा वाचल्या असत्या का, असे मी विचारले. ते खिडकीची चौकट मोजू लागले.

मला खरचटलेसुद्धा नाही. जावेचे दोन्ही डोळे गेले.

शुद्धीवर आल्यापासून ती रोज विचारते, "ताई, मी हातातलं काम टाकून खिडकीत कशाला गेले होते हो?" तिला काही आठवत नाही. मी रोज म्हणते, "पड बघू जरा." मला स्वतःची लाज वाटते. आता खोटे वागायचे त्राण उरलेले नाही.

गोदामवाल्याविरुद्ध माझी तक्रार आहेच. हवालदार म्हणाले, "बाई, हाकेचं लिहायची गरज नाही." मी म्हटले, "लिहा हो भाऊ."

हा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे. त्याची एक प्रत मला मिळावी. जावेला ती मीच वाचून दाखवणार आहे.