शिमगा होऊ दे, मग बघू

...काढून टाक म्हणे! जो येतो तो हेच सांगतो, काढून टाक! अहो, हलणारा दात आहे का तो? आमच्या शेजारच्या यमुनाबाई, माझी चप्पल दारात वाजायचा अवकाश, कुंपणाच्या गडग्यावरून मान वर काढतात, "काय गो राजश्री, काय म्हणाली डॉक्टरीण? काढून टाक गो बाय ती पिशवी! दोन पोरं झाली, आता काय लोणचं घालायचंय तिचं?" लोणचं! अख्ख्या वाडीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात! समोरून आमचे दीर येत होते, ते बिचारे तिथूनच मागे वळले.

बसा हो, बसा तुम्ही, जागा आहे. माझ्या आधी अजून दोघी आहेत आणि डॉक्टरीण एकेकीला निवांत बघते, म्हणजे आपल्याला वेळच वेळ. तुम्हालाही तोच त्रास ना? ओळखलं मी! बसायच्या आधी ओढणी मागून सारखी केलीत आणि बाकाच्या अगदी कडेला टेकलात. मीपण बघा, कडेलाच बसल्ये. पंखा तिकडे फिरतोय, पण कडेला बसलं की उठायला बरं.

तुम्हाला सांगते, सत्तेचाळीस पुरी झाली तेव्हा मला वाटलेलं, आता जाईल ही पाळी हळूहळू, पाहुणी कशी निघते, पिशवी भरते, कुंकू लावून घेते, तशी. कसली जातेय! आली की मुक्कामच ठोकते! आधी महिन्याने यायची, मग वीस दिवसांनी, मग केव्हाही, न विचारता, न सांगता... आणि येते ती काय साधी? नुसता पूर! एक लावा, दोन लावा, वर जुनी साडी फाडून घाला, तरी जीव मुठीत. आणि मी कामाला कुठे? मिरजोळ्याला, एमआयडीसीत, आंब्याच्या रसाच्या कंपनीत. आणि तिथे आम्हाला काय घालायला देतात? पांढरा एप्रन! पांढरा शुभ्र, गुडघ्यापर्यंत! कोणी काढलं असेल हो हे पांढऱ्याचं? पुरुषच असणार. माझ्याबरोबर आम्रपाली आहे पॅकिंगला, आमचं दोघींचं ठरलेलं. मी उठले की म्हणायचं, "बघ गं मागून." ती बघते, म्हणते, "जा." ती उठली की मी बघायचं. दिवसभर आमचं तेच, बघ गं मागून, जा, बघ गं मागून, जा... साहेबाला वाटतं ह्या दोघी फार मैत्रिणी.

देवरूखला भाचीचं लग्न होतं. मला मानाने पुढे बसवलनी, मखमलीच्या खुर्चीवर, आणि मंगलाष्टकं चालू झाली तशी इकडे माझी गंगा पण चालू झाली! अक्षता टाकायला सगळे उठले, मी बसून. जेवायला गेले, मी बसून. फोटोला हाका मारतायत, "आत्या, या ना, आत्या!" मी म्हणते, "मी हितंच बरी गो, पाय दुखतायत." हॉल रिकामा झाला तरी मी आपली खुर्ची धरून. एकाही फोटोत नाही मी. भाची अजून म्हणते, आत्या तू आलीच नव्हतीस की काय? आता काय सांगू तिला?

चक्कर यायला लागली तेव्हा इथे आल्ये. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, आतला तुकडा काढून तपासला, म्हटलं झालं, आता कॅन्सरच निघतोय... नाही निघाला हो, देवीची कृपा. एक गाठ आहे छोटी आणि रक्त सात. डॉक्टरीण किती शांत बोलते, बघालच तुम्ही. "राजश्रीताई, घाबरू नका. रस्ते पुष्कळ आहेत. लोहाच्या गोळ्या तर घ्यायच्याच. पाळीच्या दिवसांत रक्त कमी करणाऱ्या गोळ्या आहेत. हार्मोनच्या गोळ्या आहेत. नाहीतर तांबीसारखी दिसणारी एक छोटी वस्तू आत बसवता येते, ती तिथल्या तिथे औषध सोडते, पहिले काही महिने थोडं थोडं लागत राहील, मग बऱ्याच जणींचं खूप कमी होतं. आतलं अस्तर जाळायचीपण सोय आहे. आणि कशानेच नाही भागलं तर पिशवी काढणं आहेच. बोला, तुम्हाला काय हवंय?"

मला काय हवंय! लग्न झाल्यापासून हे मला कोणी विचारलेलं नाही. मासेवाली विचारते, तेवढीच. घरी येऊन ह्यांना विचारलं, तर आमचे हे म्हणतात, "बघ, तुला काय बरं वाटतं ते." झालं! साडीच्या दुकानात हेच, ऑपरेशनला पण हेच! यमुनाबाईंना विचारायला लागतच नाही, त्या गडग्यावर हजर, "लोणचं घालायचंय काय?" डोंबिवलीची माझी धाकटी जाऊ, मृणाली, ती फोनवर, "वैनी, ते आत बसवायचं नको हं, माझ्या मैत्रिणीच्या मैत्रिणीचं वर सरकलं." वर म्हणजे कुठे? डोक्यात? माझी बहीण म्हणते, काढू नको, कंबर धरते. चुलती म्हणते, काढ, पण सुट्टीत काढ. आता सुट्टी कुठली हो आपल्याला? जूनमध्ये लावणी, पुढे गणपती, मग कापणी, थंडीत मुंबईकर, मग शिमगा आणि शिमगा संपतोय तोवर आंबा! बाईच्या ऑपरेशनला कोकणात महिनाच नाही. म्हणून मी आपलं एकच सांगत राहिल्ये, डॉक्टरणीला, ह्यांना, सगळ्यांना... शिमगा होऊ दे, मग बघू.

तर शिमगाच का, ते सांगते. आमच्याकडे शिमग्यात गावदेवीची पालखी घरोघर येते. तुमच्याकडे पण येत असेल. वर्षभर आपण तिच्या देवळात जायचं आणि शिमग्यात ती आपल्या दारात येणार, ओटीवर बसणार, आणि घरच्या मोठ्या बाईने तिची ओटी भरायची. नारळ, तांदूळ, खण, साडी. आमच्या सासूबाई होत्या तोवर त्या भरायच्या. नऊवारी नेसून, हिरव्या बांगड्या भरून. मी मागे ताट धरून उभी. ओटी भरताना त्या देवीच्या कानाशी काहीतरी पुटपुटायच्या. मी एकदा विचारलं, काय बोलता हो तिच्याशी? म्हणाल्या, "तुझी पाळी येईल तेव्हा तू बोल तुझं."

सासूबाई गेल्या. माझी पाळी आली आणि काय सांगू, अगदी खरोखरीचीच आली हो! पहिल्याच वर्षी, पालखी कोपऱ्यावर, ढोल ऐकू येतोय आणि मी मागल्या दारी, लांब बसल्ये! ओटी कोणी भरली? डोंबिवलीहून शिमग्याला आलेल्या मृणालीने. दुसऱ्या वर्षी? तसंच. तिसऱ्या वर्षी? तेच! ढोल वाजायला लागला की माझं पोट दुखायला लागतं, एवढं ठरून गेलेलं. मागल्या दारी कपड्यांच्या दगडावर बसायचं आणि ऐकायचं, आता अंगणात आली, आता नाचतायत, आता बसवली... मला रडायला यायचं हो. देवी माझ्या घरी यायची आणि मला माझ्याच घरात ती दिसायची नाही. वर्षभर वाट बघायची आणि भिंतीपलीकडून ऐकायची.

म्हणून यंदा मी ठरवलं, काय वाटेल ते होवो, ओटी मीच भरणार! डॉक्टरणीने हार्मोनच्या गोळ्या दिल्याच होत्या. घेत राहायच्या, बंद केल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते. मी म्हटलं, हे बरं झालं, नळाची चावीच हातात आली! पालखी आमच्याकडे मंगळवारी येणार, असं आप्पांनी सांगितलेलं. आप्पा म्हणजे आमचे मानकरी, देवीपुढे सगळ्यांच्या मागण्यांचं गाऱ्हाणं तेच घालतात. मी काय केलं? रविवारीच गोळी बंद केली! अहो, असं काय बघता? माझा हिशोब ऐका तरी. मंगळवारी सकाळी पालखी, तोवर काही येत नाही. बुधवारी पाळी येणार, रजा आहे शनिवारपर्यंत, म्हणजे पूर घरातच ओसरणार आणि सोमवारी मी कोरडी ठणठणीत पांढऱ्या एप्रनात! आहे की नाही चोख?

सगळं चोख, फक्त पालखी वेळेवर येते असं मी धरून चालले! आयुष्य काढलं हो मी रत्नागिरीत, कधीतरी बघितल्ये का मी वेळेवर आलेली पालखी? वरच्या वाडीत भावकीचं भांडण लागलं, पहिली कोणाच्या घरी न्यायची म्हणून! हे म्हणतात मान आमचा, ते म्हणतात आमचा, आणि देवी बिचारी सहाणेच्या चौथऱ्यावर बसून राहिली. मंगळवार गेला. मी नऊवारी नेसून तयार, बांगड्या भरून तयार, नऊवारी सोडली. बुधवार गेला. मी मनात म्हणते, ये गो बाय, लौकर ये, तू यायच्या आधी ती येईल... गुरुवारी सकाळी कोण आधी आलं असेल? सांगायला नकोच.

दुपारी ढोल वाजला तेव्हा मी आपली पुन्हा मागल्या दारी, दगडावर, गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून. मृणाली पुढे ताट घेऊन. मी म्हटलं, जाऊ दे. आमच्या नशिबात ढोलच. 

आणि ऐका आता! आमच्या आवारात नारळ लपवायची पद्धत आहे. घरच्या पुरुषाने आदल्या दिवशी नारळ जमिनीत पुरून ठेवायचा, कोणाला सांगायचं नाही आणि पालखी नाचत नाचत तो शोधून काढते. तर पालखी अंगणात आली, इकडे गेली, तिकडे गेली, तुळशीला फेरी घातली... आणि ढोल मोठा मोठा व्हायला लागला. मी म्हणते, असा कसा जवळ येतोय? तोच घराच्या कोपऱ्यावरून गुलालाने लाल झालेले पंधरावीस पोरगे, खांद्यावर पालखी, धाडधाड माझ्या अंगावर! पळू कुठे? मागे विहीर! पालखी आली ती थेट दगडाशी, माझ्या पायाशी, आणि तिथे टेकली. खणलं तर नारळ! ज्या दगडावर तीन वर्षं बसून मी रडले, त्याच्या बुडाशी नारळ!

नंतर मी ह्यांना विचारलं, नारळ तिथे का पुरलात हो? तर म्हणाले, "पुढल्या अंगणात जांभा आहे. खणवत नाही. मागे सांडपाण्याने माती मऊ." एवढंच. आता ह्याच्यावर काय बोलणार? पण मला सांगा, इतकी वर्षं पुढेच पुरत होते ना? तेव्हा नव्हता जांभा?

तर देवी समोर. एवढ्या जवळून मी तिला सासूबाई गेल्यापासून बघितलीच नव्हती. नथ हलत होती तिची. मी दोन पावलं मागे सरकले, म्हटलं, "मृणाली, तू भर गो, मी लांब आहे." तर पालखीमागून आलेली मृणाली जवळ सरकली, ताट माझ्या हातात कोंबलंन आणि कानात म्हणते, "वैनी, भरा तुम्हीच. मला पण सकाळीच आल्येय. मागल्या वर्षी पण होती. सांगतंय कोण?" अगो बाई! म्हणजे मी तीन वर्षं दगडावर, आणि ही...! रागावू की हिला मिठी मारू, मला कळेना. यमुनाबाईंनी तोंड उघडलंच होतं, पण ढोलवाल्याने काठी हाणलीन आणि त्या काय बोलल्या ते कोणाला ऐकू गेलं नाही.

भरली मी ओटी! तांदूळ अर्धे खाली सांडले, पण भरली. आणि मग आप्पा म्हणतात, "बाय, बोल, काय मागणं हाय?" ढोल थांबला. पंधरावीस पोरगे घाम पुसत माझ्या तोंडाकडे बघतायत. आणि मी तीन वर्षं काय काय ठरवून ठेवलेलं हो! म्हणणार होते, मला ह्यातून सोडव. म्हणणार होते, काढू की ठेवू, तू सांग. म्हणणार होते, एकदा, फक्त एकदा, मला खुर्चीवरून उठून सरळ चालायला लागायचंय, मागे वळून न बघता, कोणाला न विचारता. फोटोत यायचंय मला. पांढरं नेसायचंय आणि हसायचंय. एवढंच हवंय हो मला, दुसरं काही नाही... आणि तोंडातून काय निघालं माहितेय?

"सगळ्यांना सुखी ठेव."

सगळ्यांना! आणि ते सगळे काय, तयारच, एका सुरात, "व्हय म्हाराजा!" उचलली पालखी, गेले. संपलं माझं गाऱ्हाणं!

रात्रभर मी स्वतःवरच चरफडत होते. मग म्हटलं, देवीकडे नाही जमलं, निदान डॉक्टरणीकडे तरी तोंड उघड. ती तर विचारते आहे, काय हवंय म्हणून, ढोल थांबवून विचारते आहे. तेव्हा ठरवलंय मी. ते छोटं आत बसवून घ्यायचं. पहिले काही महिने थोडं थोडं लागेल म्हणाली, लागू दे. नाहीच मानवलं, तर पुढचं मी आणि डॉक्टरीण बघू, यमुनाबाई नाहीत. आज सकाळी निघताना होत्याच की गडग्यावर, "काढून टाक गो, लोणचं...?" म्हटलं, हो, घालायचंय! बरणी धुवून उन्हात ठेवल्ये! मान गडग्याखाली घेतलनी बघा, पहिल्यांदा.

ऐका... राजश्री म्हणाली का ती? आला माझा नंबर! अगो बाई! आज सांगायचंच, मला सरळ उठून चालायचंय, बस. तोंडातून पुन्हा "सगळ्यांना सुखी ठेव" निघायला नको म्हणजे झालं.

आल्ये हो, आल्ये...! ताई, तेवढं जरा मागून बघता?