तीसपैकी अठरा

इटलीत पादोव्याच्या विद्यापीठात मानसशास्त्राची तोंडी परीक्षा चालली होती; तिथे मिळालेले गुण नाकारून पुन्हा परीक्षेला बसता येतं. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. खोटं सांगेन तर जीभ झडो. इलारियो बाहेर आला, तशी त्याची बहीण एर्सिलिया ताडकन उठली.

"किती?"

"तीसपैकी अठरा. घेतो की नाकारतो, पाच मिनिटांत सांगायचंय."

"घे, गाढवा! आधी सत्तावीस नाकारलेस, मग चोवीस, मग एकवीस. आज पास नाही झालास तर वसतिगृहातली खोली जाईल."

"पण ताई, अठरा म्हणजे अगदी काठावर पास."

"अडलास कुठे?"

"तोटा कबूल करायला घाबरणारा माणूस हातचंही का सोडतो, ते सगळं सांगितलं. उदाहरण तेवढं सुचलं नाही."

"सुचलं नाही? पर्समधला आरसा देऊ?"

परीक्षकांनी दार उघडलं.

"बोला इलारियो, घेणार की नाकारणार?"

"घेतो, सर. आणि ते उदाहरण आत्ता सुचलं."