जर्सीवर कोणाचं नाव

हॅलिफॅक्सच्या आइस हॉकी स्टेडियममधल्या दुकानात बर्नाडेट जर्सींवर खेळाडूंची नावं शिवून देत होती. रांगेतल्या लेस्टर आणि मर्डॉकचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

“लेस्टर, गोलकीपर कोमोची जर्सी घेऊ नकोस. पाया पडतो तुझ्या.”

“का रे बाबा?”

“तू बूद्रोची घेतलीस, आठवड्यात मॅनेजर झिंकनं बूद्रोला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. मॅकआयझॅकची घेतलीस, तोही गेला.”

“त्यात माझा काय दोष? झिंकला अक्कल नाही. बूद्रोच्या बदल्यात आणलं काय, तर गुडघे धरून बसणारा म्हातारा.”

“तुझा पायगुणच तसला. आता कोमो गेला तर गोल कोण अडवणार, तुझी सासू?”

“ती अडवेल. मला अजून तिच्या स्वयंपाकघरात शिरता आलेलं नाही.”

“लेका, चेष्टा पुरे. कोमोला सोड.”

“बरं, सोडला.”

लेस्टरनं कोरी जर्सी बर्नाडेटपुढे सरकवली.

“ताई, हिच्यावर झिंक लिहा.”

मर्डॉकनं आदरानं टोपी काढली.

बर्नाडेटनं अक्षरांचा एक रिकामा खोका उलटा करून दाखवला.

“सकाळपासून सगळ्यांना तेच नाव हवंय. झेड संपलं.”