आजीच्या एफडीवर ऋचाचं नाव

न्यूझीलंडमधल्या ओटाहुहु स्टेशनवर माझ्या शेजारच्या बाकावर बाप-लेक ट्रेनची वाट पाहत होते. ऋचाच्या मांडीवर लॅपटॉप होता, मध्ये स्पीकरवर ठेवलेला फोन आणि फोनवर पुण्याची आजी.

“आजी, कुठल्या कुठल्या खात्यांवर माझं नाव लावलंयस?”

“कशाला गं, ऋचा?”

“माझा जन्म अमेरिकेतला, म्हणून न्यूझीलंडबरोबर तिथलीही नागरिक आहे मी. त्यांना दर वर्षी टॅक्सचा फॉर्म भरून द्यायचा आणि जगभरातली खातीही कळवायची.”

“पाच महिन्यांची होतीस तिथून निघालीस तेव्हा. एवढ्याशा मुक्कामाचा टॅक्स?”

“टॅक्स बहुतेक शून्यच येईल. पण खाती लपवली तर दंड आहे. घाबरू नकोस, मी सगळं वाचलंय.”

“मी कशाला घाबरू? लिही. एक एफडी आहे, आपल्या दोघींच्या नावावर. अठरा लाखांची.”

“एवढे कुठून आले?”

“तुझा बाप दर महिन्याला पाठवतो, तेच साठवले. माझं तुझ्या आजोबांच्या पेन्शनमध्ये भागतं. तुला पुढे शिकायला होतील.”

“अगं आजी, पण...”

“पण काय? त्याला कळलं तर गुडघ्याचं ऑपरेशन करून घे म्हणून मागे लागेल. अमेरिकेला खुशाल कळव, फक्त तुझ्या बापाला सांगू नकोस.”

“आजी, फोन स्पीकरवर आहे. बाबा इथेच बसलेत.”



“आई,” बाप म्हणाला, “गुडघा फार दुखतो का?”