मुकुंदराव आठ काढतात

...आणि पाय टेकायचा नाही म्हणे! आता तुम्हीच सांगा, देवानं माणसाला पाय दिले ते कशाला? उभं राहायलाच ना? मग गाडी हळू झाली, एका अंगाला कलली, की माणूस पाय टेकेल नाहीतर काय शेपूट टेकेल? पण आरटीओतल्या साहेबाला हे कोण सांगणार... मैदानात पांढऱ्या फक्कीनं हा एवढा मोठा आठाचा आकडा आखलेला, त्या रेघेवरून मोटरसायकल फिरवून आणायची, आणि आठ पुरा होईस्तोवर पाय टेकायचा नाही. टेकला की नापास. आमचे शेजारी मुकुंदराव असे दोनदा नापास झाले हो, चाळिशी उलटलेला माणूस, कालेजातल्या पोरांच्या रांगेत उभा राहून नापास!

तुम्ही म्हणाल, या वयात त्यांना मोटरसायकलचं खूळ कुठून आलं? खूळ नाही, तुम्हाला सांगतो, पोट. मुकुंदराव एका रेडिओच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते, विद्यानगरातून सायकलीनं जायचं, सायकलीनं यायचं, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. ते उदारीकरण की काय ते झालं दिल्लीत, आणि पडलं येऊन थेट मुकुंदरावांच्या डोक्यावर. बाजारात परदेशी टेपरेकॉर्डर आले, केबल आली, मग रेडिओ कोण घेतो? कारखान्याला कुलूप. घरात बारावीतली मृण्मयी, गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले वडील आबासाहेब, आणि पद्मावतीवहिनी, ज्या काही बोलत नाहीत, नुसत्या बघतात. बोललेलं परवडतं हो, ते बघणं परवडत नाही.

शेवटी एका परदेशी साबणाच्या कंपनीत दुकानं फिरायची नोकरी ठरली. मॅनेजर पुण्याचा पोरगा, सारंग नावाचा, टाय लावलेला, तो काय म्हणाला? "काका, गाडी कंपनी देईल. पण महिनाअखेरच्या सोमवारी सकाळी लायसन्स माझ्या टेबलावर हवं. नाहीतर सॉरी हं, बाहेर बरीच मुलं थांबलीयेत." सॉरी म्हणे... एवढा संसार, म्हातारा बाप, पोरीचं शिक्षण, आणि सगळं अडकलं कुठं? मुकुंदरावांच्या पायात. तो पाय टेकायचा नाही.

शिकवायला मेव्हणा होता, कुलदीप, सिकंदराबादला रेल्वेत. तो पहाटे आपली मोटरसायकल घेऊन युनिव्हर्सिटीच्या रस्त्यावर यायचा आणि मागं पळत ओरडायचा, "दाजी, पाय! नक्को म्हटलं ना दाजी, उचला तो पाय, काय येड्यावानी हौलेपणा करायलेत!" दाजी उचलायचे, आणि वळण आलं की पाय आपला पुन्हा खाली. कारण तो पाय सायकलीवर वाढलेला. सगळी उमर प्रत्येक चौकात, प्रत्येक म्हशीपाशी तो खाली आलेला. त्याला काय माहीत दिल्लीत काय झालं ते?

मग घरी सराव. जेवायला बसले की दोन्ही पाय खुर्चीच्या दांडीवर. आमटी वाढता वाढता वहिनी हळूच म्हणायच्या, "अहो, पाय." गॅलरीतून आबासाहेब काठी आपटायचे, "मुकुंदा, पाय!" मृण्मयी पुस्तकातून मान वर न करता, "पप्पा, पाँव." वहिनी आमच्या हिला सांगत होत्या की ते झोपेतसुद्धा गुडघे वर घेऊन झोपतात. हसू नका. त्या माणसाला झोप लागत नव्हती, मला त्यांचा खोकला भिंतीतून ऐकू यायचा.

शनिवार उजाडला. आज झालं तर झालं, पुढची तारीख नोकरी गेल्यावरची. मी वहिनींना घेऊन मैदानात हजर. साहेब तेलुगू, अंगानं भरलेले, आणि लोखंडी खुर्ची टाकून बसले होते कुठं? तर आठाच्या मधल्या गाठीपाशी, अगदी रेघेला लागून, पायावर पाय, गुडघा हा असा बाहेर! एकेक पोरगा गाडी घेऊन यायचा, लडखडायचा, आणि साहेब तोंडातलं पान न हलवता म्हणायचे, "पाँव लगा. जाव." दुसरा यायचा. "पाँव लगा. जाव." मुकुंदरावांचा चेहरा बघवत नव्हता. वहिनींनी मुठीत अंगारा धरला होता, तो घामानं चिखल झालेला.

नंबर आला. गाडी पहिल्या गिअरवर. पहिलं गोल... गेलं हो! पाय वर. अंगठेसुद्धा बुटात वळवून धरलेले असणार. मधली गाठ पार. दुसरं गोल... गाडी कलली, मला वाटलं संपलं, पण नाही, सावरली! आता उरली तेवढी मधली गाठ, एकदा तिथून निघाले की सुटले. आणि त्या गाठीवर, काय सांगू तुम्हाला, मुकुंदरावांचा तो वर धरलेला उजवा बूट साहेबांच्या गुडघ्याला लागला.

जरासाच लागला. पण लागला. आता आपल्या घरात कुणाला पाय लागला की आपण काय करतो? हात लावून नमस्कार करतो. विचारून करतो का? हात आपोआप जातो. तसा मुकुंदरावांचा उजवा हात सुटला, ज्या हातानं गाडीला रेस द्यायची तोच हात, तो साहेबांच्या गुडघ्याला लागला आणि कपाळाला गेला. साहेबही तसल्याच घरात वाढलेले, त्यांचा हात आशीर्वादाला वर. गाडीनं दोन हिसके दिले, बंद पडली, आणि मुकुंदराव गाडीसकट डाव्या अंगाला, फक्कीत.

वहिनींनी माझ्या शर्टाची बाही धरली. धूळ खाली बसली तेव्हा दिसलं काय? मुकुंदराव पाठीवर, दोन्ही हात जमिनीवर, डोकं जमिनीवर, आणि दोन्ही पाय... दोन्ही पाय वर आभाळाकडे, ताठ. तसल्यातही माणसानं पाय टेकला नव्हता! आणि तिथूनच म्हणतात कसे, रडवेल्या आवाजात, "साब, पाँव नै लगाया."

साहेब उठले. गाडीभोवती फिरले. फक्कीची रेघ वाकून पाहिली. रांगेतला एक पोरगा म्हणाला, "साब, सच्ची में नै लगाया." साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मागच्याच्या मागं लपला. आणि मग, इतक्या वेळात पहिल्यांदा, साहेबांनी पान थुंकलं.

"उमर हो गई मेरी यहाँ बैठे बैठे," ते म्हणाले. "गिरनेवाले बहुत देखे. जिसको धक्का लगा उसको नमस्ते करके गिरनेवाला आज देखा. तुम किसी को टक्कर नै मारेगा. पास. अब पाँव नीचे करो, बाबा."

तुम्हाला सांगतो, मुकुंदरावांना पाय खाली करता येईनात. दोघांनी धरून केले. आणि वहिनी, ज्या कधी बोलत नाहीत, त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अहो, टेका आता," आणि रडल्या.

सोमवारी लायसन्स सारंगच्या टेबलावर. तो खूश, हातात हात, वेलकम काका, ही तुमची नवीकोरी गाडी, आणि हा तुमचा एरिया... बेगम बाजार.

बेगम बाजार! तुम्ही गेलाय का कधी? हातगाड्या, हमाल, मिरचीची पोती, त्यात मोटरसायकल शिरते कुठून? गल्लीच्या तोंडाशी ती उभी करून ठेवायची आणि साबणाची बॅग खांद्याला लावून दिवसभर दुकानोदुकान चालायचं. संध्याकाळी मुकुंदराव घरी येतात, गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसतात. आबासाहेबांना सवय लागलेली, ते अजून गॅलरीतून काठी आपटतात, "मुकुंदा, पाय!"

"टेकलेत, आबा," मुकुंदराव म्हणतात. "सकाळपासून टेकलेलेच आहेत."